शिदोरीवर दरोडा

सुटीच्या दिवशी सकाळी मुंबई-पुणे पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या करमणूक उद्यानाच्या किंवा वॉटर पार्कच्या फाटकावर उभे राहून पाहावे. तिकिटाच्या खिडकीवर माणशी घसघशीत रक्कम मोजून कुटुंब पुढे सरकते, तो समोर लांब टेबल, टेबलामागे गणवेशातला रक्षक आणि टेबलाशेजारी मोठे पिंप. आजीच्या कापडी पिशवीतून दशम्या निघतात, शेंगदाण्याची चटणी निघते, पोरांसाठी घेतलेला चिवडा निघतो, पाण्याने भरलेल्या बाटल्या निघतात. ‘आत अलाउड नाही,’ एवढे तीन शब्द उच्चारले जातात आणि बाटल्या पिंपावर उलट्या होतात. डबा टाकून द्यायचा नसेल तर टोकन घ्या, संध्याकाळी जाताना परत न्या, असे सांगितले जाते. म्हणजे पहाटे उठून परतलेली बटाट्याची भाजी मे महिन्याच्या उन्हात दिवसभर आंबू द्या आणि आंबलेली घरी न्या. आत पाऊल टाकताच पहिल्या वळणावर तसेच पाणी, त्याच कंपनीच्या बाटलीत, काचेच्या फ्रिजमध्ये रांगेने मांडलेले असते. कुठे हे गोड बोलून होते, कुठे अंगावर खेकसून. होते मात्र जागोजागी.

ज्या महाराष्ट्रात प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती शिदोरी दिल्याशिवाय घरची माऊली उंबरा ओलांडू देत नाही, ज्या महाराष्ट्रात चैत्राचे ऊन तापू लागले की गावच्या वेशीवर आणि शहराच्या चौकात पाणपोईचे रांजण भरले जातात, ज्या महाराष्ट्राच्या राजधानीत घरचा डबा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या टेबलापर्यंत दुपारी पोहोचवण्यासाठी एक अख्खी व्यवस्था शतकाहून अधिक काळ उभी आहे, त्या महाराष्ट्रात तिकीट काढून आलेल्या पाहुण्याच्या हातातले अन्न आणि तोंडचे पाणी काढून घेऊन तेच त्याला वाढीव भावाने विकण्याचा धंदा उजळ माथ्याने चालतो. हा दरोडा आहे.

हिशेब मांडू या, कारण हिशेबापुढे सबबी टिकत नाहीत. रेल्वे आपल्या स्थानकांवर ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना विकते. सहा माणसांचे कुटुंब, उन्हाळ्याचा दिवस, माणशी दोन बाटल्या. रेल्वेच्या भावाने १६८ रुपये झाले. उद्यानाच्या आत तिप्पट भाव धरा, ५०४ झाले. हे नुसते पाणी. दुपारचे जेवण, चारचा चहा, पाण्यात डुंबून भुकेने कावलेल्या पोरांसाठी संध्याकाळी पुन्हा काहीतरी, हे सारे बेरजेत धरले की ज्याने एसटीने प्रवास करून, भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबून ही एक सहल ठरवलेली असते, त्याला दिवस मावळेपर्यंत जवळजवळ दुसरे तिकीट काढावे लागते. श्रीमंताला याची झळ बसत नाही. झळ बसते ती कंडक्टरला, शिक्षिकेला, कारखान्यातल्या फिटरला, अंगणवाडी सेविकेला. एका बर्गरचे दोन तुकडे करून दोन मुलांच्या हाती देणारी आणि ‘मला भूक नाही’ म्हणून स्वतः बाकावर बसून राहणारी आई या उद्यानांत कोणालाही दिसेल. मालकांनाही ती दिसते.

त्यांची पहिली सबब स्वच्छतेची. बाहेरचे अन्न आत आले की खरकटे पडते, माश्या येतात, म्हणे! मग आत विकल्या जाणाऱ्या नूडल्सच्या कागदी वाट्या, सॉसच्या पुड्या, शीतपेयांचे ग्लास आणि त्यांच्या नळ्या कुठे जातात? दशमीच्या तुकड्यावर बसणारी माशी पिझ्झ्याचा तुकडा वर्ज्य मानते काय? दुसरी सबब सुरक्षेची: बाटलीतून कोणी दारू आणील. तर मग बाटली हुंगा, घोटभर पिऊन दाखवायला सांगा, संशय आला तर खुशाल बाहेर काढा. दारू शोधण्यासाठी चिवड्याची पुडी जप्त करावी लागत नाही. तिसरी सबब सर्वांत निर्लज्ज आहे. घरचे खाऊन कोणी आजारी पडले तर ठपका आमच्यावर येईल, असे हे लोक म्हणतात. ज्या हातांनी पोराला पहिला घास भरवला त्या हातांच्या स्वयंपाकावर संशय घ्यायचा आणि सकाळपासून तळत असलेल्या तेलातला समोसा विश्वासाचा म्हणून पुढे करायचा, हे धाडस ज्याची लाज पार सुटली आहे त्यालाच जमते.

खरे कारण फाटकावरच्या दुसऱ्या पाटीवर आहे: एकदा बाहेर पडल्यास पुन्हा प्रवेश नाही. या दोन पाट्या एकत्र वाचल्या की धंद्याचा सांगाडा उघडा पडतो. अन्न आत आणू द्यायचे नाही, आणि माणसाला जेवायला बाहेर जाऊ द्यायचे नाही. बाजारात दहा दुकाने असली की भाव आपोआप ताळ्यावर राहतो. इथे कुंपणाच्या आत दुकाने कितीही दिसली तरी विक्रेता एकच. आतले गाळे ठेक्याने घेणाऱ्यालाही ठाऊक असते की आपण ठेका घेतो तो जागेचा नव्हे, कोंडलेल्या भुकेचा. म्हणूनच पाण्याच्या बाटलीवर फाटकापाशी एवढी करडी नजर असते.

कायदा आमच्या बाजूचा आहे, असे हे मालक छातीठोकपणे सांगतात. सांगू द्या, कायदा आम्हीही वाचला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याची मुभा दिली, हे खरे. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे आणि आतले खायचे की नाही हे प्रेक्षकाने ठरवावे, असा त्या निर्णयाचा आधार. पण सर्वांना स्वच्छ पिण्याचे पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे अन्न अडवता येणार नाही, हेही त्याच प्रकरणात स्पष्ट झाले. ते मात्र मालकांच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. शिवाय चित्रपट तीन तासांचा असतो, अंधाऱ्या गार सभागृहात बसून पाहायचा असतो, आणि तीन तास न खाता कोणीही राहू शकतो. इथे सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, उघड्या उन्हात, पाळण्यांच्या रांगांत उभे राहून, मधुमेहाच्या आजीला आणि चार वर्षांच्या नातवाला ‘खायचे की नाही ते तुम्ही ठरवा’ असे सांगायचे असते. भुकेपुढे निवड उरत नाही. चित्रपटगृहाचा न्याय उद्यानाला लावता येतो की नाही, हे न्यायालयापुढे एकदा नीट मांडलेच पाहिजे.

दुसरी ढाल डिसेंबर २०१७ च्या निर्णयाची. हॉटेलात बसून पाणी मागवले तर छापील किमतीहून जास्त दर आकारता येतो, कारण तिथे पाण्याबरोबर सेवाही मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी म्हटले. कबूल. पण उन्हात रांग लावून पत्र्याच्या खिडकीतून हातात पडलेल्या बाटलीबरोबर कोणती सेवा मिळते? टेबल नाही, खुर्ची नाही, वाढपी नाही. एकाच मालाच्या एकाच मापाच्या पाकिटावर अनुचित मार्गाने दोन वेगळ्या छापील किमती टाकण्यास वैधमापनशास्त्राचे नियम १ जानेवारी २०१८ पासून मनाई करतात. आणि त्याही आधी, २०१५ साली, आगरतळ्याच्या एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बजावले होते की मोफत पिण्याचे पाणी न देता बाहेरचे पाणी रोखणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आता हे मोफत पाणी उद्यानात शोधायला निघा. स्वच्छतागृहाच्या मागे, पाटी नसलेल्या कोपऱ्यात एक कूलर सापडतो. त्याच्या दोन नळांपैकी एक बंद, दुसऱ्यातून कोमट धार, ग्लास गायब. आइस्क्रीमच्या गाड्यांपर्यंत पोहोचवणारे रंगीत बाण मात्र पावलोपावली. न्यायालयाच्या आज्ञेचे पालन कोपऱ्यात लपवून करायचे आणि विक्रीचे फलक छपराहून उंच लावायचे, ही या धंद्याची नीती.

अशा उद्यानांना जगभर हेच करावे लागते, असाही एक बचाव केला जातो. तो धादांत खोटा आहे. ज्या डिस्नेलँडकडे पाहून हा सारा उद्योग उभा राहिला, जे १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला सुरू झाले, तिथे आणि १९७१ साली उघडलेल्या फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये घरचे खाणे आणि दारूखेरीज इतर पेये आत नेता येतात. काचेची भांडी आणि मोठे कूलर तेवढे चालत नाहीत. तिथल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बर्फाचे पाणी मागितले की पेला भरून फुकट मिळते. ऑर्लँडोला जाणारी अमेरिकेतली मराठी कुटुंबे पोळीभाजीच्या गुंडाळ्या फॉइलमध्ये बांधून नेतात, आणि तिथला रक्षक पिशवी पाहून त्यांना आत सोडतो. डिस्ने ही काही धर्मशाळा नव्हे. नफ्यात मुरलेली, तिकिटांना शंभर डॉलरच्या वर भाव लावणारी कंपनी आहे ती. तरीही पाहुण्याच्या डब्याने आपले दिवाळे निघेल असे तिला वाटत नाही. टोकियोचे डिस्नेलँड बाहेरचे अन्न आत घेत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण तिथे फाटकाबाहेर डबा खायला जागा राखलेली आहे आणि खाऊन त्याच दिवशी पुन्हा आत येता येते. आमच्या मालकांनी पाळण्यांचे आराखडे परदेशातून उचलले, राजवाडे आणि परीकथा उचलल्या; पाण्याचा फुकट पेला तेवढा विमानात चढला नाही!

आणि सरकार? जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ न देणाऱ्यांवर कारवाईची घोषणा केली. सभागृहात बाके वाजली, दुसऱ्या दिवशी ठळक मथळे झाले. महिना उलटतो न उलटतो तोच त्याच सरकारने मुंबई उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र घातले की बाहेरचे अन्न आत आले तर सुरक्षेचा प्रश्न निर्माण होईल. विमानात चालते ते चित्रपटगृहात का चालत नाही, असे न्यायालयालाच विचारावे लागले. सभागृहात जनतेचे आणि न्यायालयात मालकांचे, अशी दुतोंडी भाषा बोलणाऱ्या राज्यकर्त्यांकडून उद्यानांच्या फाटकांवरचा अन्याय दूर होईल, ही आशा कोणी धरावी? उद्यानांनी मात्र आपले काम चोख करून घेतले. त्यांच्या तिकिटांवर कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या बरोबरीने २८ टक्के जीएसटी होता. तो २५ जानेवारी २०१८ पासून १८ टक्क्यांवर आला. कुटुंबाची निकोप करमणूक म्हणून सवलत घ्यायची आणि तेच कुटुंब फाटकापाशी डब्यासह उभे राहिले की त्याची झडती घ्यायची, याला आम्ही ढोंग म्हणतो. सवलत कुटुंबाच्या नावाने घेतली, गल्ला कुटुंबाच्या जिवावर भरला.

उपाय सरकारच्या हातात आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये परवाना लागतो. त्या परवान्यातच अट घाला: घरचे अन्न आणि भरलेली बाटली अडवता येणार नाही, निदान फाटकाशी सावलीची जागा आणि जेवून पुन्हा आत येण्याचा शिक्का द्यावा लागेल, पिण्याच्या पाण्याचे नळ किती आणि कुठे, ते प्रवेशद्वारावरच्या नकाशात मराठीतून दाखवावे लागेल. यासाठी नवे मंडळ नको, समिती नको, अभ्यासदौरा तर मुळीच नको. इच्छा हवी.

ती इच्छा होईपर्यंत वाचकांनी हात बांधून बसू नये. रिकामी बाटली अडवण्याचे कारण कोणाकडेही नसते. ती बरोबर न्या, आत शिरताच पिण्याचे पाणी कुठे आहे ते विचारा आणि नळ बंद असेल तर त्याचा फोटो घ्या. तान्ह्याचे अन्न आणि औषधे यांवर कोणी हात ठेवला तर जागचे हलू नका, व्यवस्थापकाला बोलवा. प्रत्येक खरेदीची पावती मागा आणि बाटलीवरची छापील किंमत तिच्याशी ताडून पाहा. जास्त घेतले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, वैधमापनशास्त्र विभागाकडे लेखी द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. उद्यान कुठल्या तालुक्यात आहे याचा विचार करावा लागत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

सर्वांत मोठी ताकद आहे ती गटाने जाणाऱ्यांच्या हाती. शाळा, महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि कारखान्यांच्या कामगार संघटना दोन-दोनशे माणसे एकदम घेऊन जातात आणि त्यांच्या इसारावर या उद्यानांचे आडवार निभावतात. येत्या सहलीचे पत्र लिहिताना मुख्याध्यापकांनी आणि मंडळाच्या अध्यक्षांनी दराच्या आधी एवढेच विचारावे: डबा आणि पाणी आत येऊ देणार की नाही? उत्तर लेखी घ्यावे. नाही म्हणाले, तर इसार देऊ नये.