व्याजदर बदलला की हप्त्याकडे बघा

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी जाहीर होतं. टीव्हीवर अर्थतज्ज्ञ बोलू लागतात आणि आपण चॅनेल बदलतो. घरावर कर्ज असेल, तर तसं करू नका.

त्या दिवशी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, ठरतो. सहा जणांची समिती तो ठरवते. तिघं रिझर्व्ह बँकेचे, तिघं सरकारने नेमलेले बाहेरचे जाणकार. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवणं हे त्यांचं काम. तुमचं काम एवढंच की दर हलला की आपल्या कर्जाचा उतारा काढून बघायचा.

२०२२ साली काय झालं ते आठवा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तोच राहिला, म्हणून घरात कोणाला काही जाणवलं नाही. मुदत मात्र वाढत गेली.

समजा, ३० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, ७ टक्के व्याज. हप्ता साधारण २३,२६० रुपये. व्याज ९.५० टक्के झालं, तर सुरुवातीला महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५० रुपये. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही कर्ज वाढतंच! हे फार वाईट आहे, कारण भरणाऱ्याची काहीच चूक नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. हा तुमचा हक्क आहे. तो मागा.

बँकेत गेलात की विचारा: माझं कर्ज रेपो दराला जोडलेलं आहे का? बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेली बदलत्या व्याजाची गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला जोडलेली असतात. दर उतरला की तीन महिन्यांच्या आत फरक दिसायला हवा. त्याआधीचं कर्ज जुन्याच पद्धतीत राहिलेलं असू शकतं. ते बदलून घ्यायला किती खर्च येईल, तेही तिथेच विचारून घ्या.

दर उतरतो तेव्हा मात्र हप्ता कमी करून घेण्याची घाई करू नका. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. ३० लाखांच्या, २० वर्षांच्या कर्जाचं व्याज ८.५० वरून ७.५० टक्के झालं, तर हप्ता सुमारे १,८६० रुपयांनी कमी होतो. पण झेपत असेल तर जुनाच हप्ता चालू ठेवा. कर्ज जवळजवळ तीन वर्षं आधी फिटतं, आणि कमी हप्ता भरण्यापेक्षा साडेचार लाखांहून जास्त वाचतात. बोनस किंवा पीक विकून आलेले पैसे हाताशी असतील तर थोडं मुद्दलही भरा. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही.

बँक दाद देत नसेल तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांकडे बघा. कर्जाचं व्याज उतरलं की ठेवीचंही उतरतं. मग जास्त व्याजाच्या आमिषाने आयुष्यभराची पुंजी भलतीकडे जाते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या ठेवीलासुद्धा, व्याज धरून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून ही मर्यादा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आईवडिलांचे पैसे नक्की कुठे आहेत, हे आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा.