मर्यादा कोणाच्या बुद्धीला?

"बुद्धीला मर्यादा असतात, बाई!" सावंतवाडीच्या आसपास बैठका घेताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा जाब विचारायलाच हवा. विधवेने कुंकू का पुसायचे, पाळीच्या दिवसांत देवळाची पायरी का चढायची नाही, असे विचारले की हे उत्तर ठरलेले.

वाक्य खोटे नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७८१ साली 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथात हेच मांडले. आत्मा अमर आहे का, जगाला आरंभ आहे का, ईश्वर आहे का, हे प्रश्न माणसाची बुद्धीच उभे करते. ते तिला टाळता येत नाहीत आणि सोडवताही येत नाहीत. (याच कान्टने १७६४ साली विदुषींची थट्टा करताना, त्यांना दाढीच काय ती कमी, असे सुचवले होते!)

पण मैत्रिणींनो, ही मर्यादा लागू कोणाला होते? 'पलीकडचे मला कळते' म्हणणाऱ्याला. सात जन्मांचा हिशेब सांगणाऱ्याला, विधवेच्या पावलांत अपशकुन पाहणाऱ्याला. विचारणारीने तर कसलाच दावा केलेला नसतो. मग गप्प तिने का बसायचे?

आमच्याकडचा देवाचा कौल घ्या. फुलांचे कळे देवाच्या पाषाणाला चिकटवतात. बहुधा उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कळा सुकला की पडणारच. पण प्रश्न कोणता घालायचा हे माणूस ठरवतो, उजवा म्हणजे होकार हेही माणसानेच ठरवले. गाऱ्हाणे घालणारे, अर्थ लावणारे मानकरी पुरुष. बाईच्या आयुष्याचा प्रश्नही तेच घालणार, आणि निघालेले उत्तर मात्र देवाचे!

बृहदारण्यक उपनिषदात गार्गी विचारत विचारत ब्रह्मलोकापर्यंत पोचते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो की अतिप्रश्न केलास तर डोके गळून पडेल. एवढीच गोष्ट आम्हाला ऐकवतात. त्याच सभेत गार्गी पुन्हा उभी राहिली, आणखी दोन प्रश्न घातले आणि त्यांची उत्तरे घेतली, हे सांगत नाहीत. तिचे डोके जागेवरच होते.

श्रद्धेचा बाईला आधार वाटतो, हे मला माहीत आहे. तो कुणाकडून काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. पण कुंकू आणि बांगड्या हा पलीकडचा प्रश्न नाहीच. आंबोलीचा घाट चढून पलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी शासनाने इतर ग्रामपंचायतींसाठी तसे परिपत्रक काढले. ठरावाने जे बंद करता येते, ते माणसानेच सुरू केलेले असते.

आपापल्या गावच्या ग्रामसभेत हा ठराव मांडूया. कुणी बुद्धीची मर्यादा दाखवलीच, तर त्याला शांतपणे विचारूया: तुमची कुठे संपते, भाऊ?