काळे आणि काले

संमेलनाची निमंत्रणे गेली आणि चौथ्या दिवशी आमच्याच गल्लीतील एक वयोवृद्ध स्नेही घरी आले. ‘वर्गणी घेता, बोलावणे मात्र नाही?’ असे ते म्हणाले नाहीत. नुसते पावतीपुस्तकाकडे पाहत बसले. आम्हांस तेच अधिक लागले.

यंदा यादी आम्ही संगणकाकडून काढविली होती. एक कोष्टक कुटुंबांचे, शिधापत्रिकांवरून उतरविलेले. दुसरे वर्गणीदारांचे, आमच्या वहीवरून. एका तरुणाने छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. ती डेटाबेस उघडते, ‘ज्यांचे नाव दोन्ही कोष्टकांत आहे त्यांचे पत्ते दे’ असे एसक्यूएलमध्ये विचारते आणि उत्तरादाखल येणारी एकेक ओळ छापते. ही प्रश्नभाषा १९७४ साली आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी मांडली. साध्या इंग्रजी वाक्यासारखी ती वाचता येते, त्यामुळे यंत्रालाही आपला हेतू कळला असा भ्रम होतो.

वहीत स्नेह्यांचे आडनाव काळे. शिधापत्रिका हिंदीतली, तेथे ते काले, कारण मानक हिंदीत ळ नाही. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५. शेजारी खरे, पण यंत्राच्या लेखी परके. नाव जुळले नाही, ओळ गळली. आणि गळल्याची वार्ताही नाही, कारण यंत्राच्या मते चूक घडलीच नव्हती. (आपले इंदूरसुद्धा त्या कोष्टकात इंदौर आहे!)

कोणी सुचविले, कोष्टकातील सर्व ‘ल’चे ‘ळ’ करा. मग गोडबोल्यांचे गोडबोळे व्हावयाचे! उलट वहीतील ‘ळ’चे ‘ल’ केले तर यादी जुळेल. पण आपल्या वहीतून आपणच ळ पुसावयाचा, हे आमच्याने होणे नाही.

अखेर प्रत्येक घरास एक क्रमांक दिला. जुळणी आता नावावर नव्हे, क्रमांकावर. नावासाठी दोन रकाने, सरकारी आणि घरगुती. तत्पूर्वी प्रश्नही बदलून घेतला: वर्गणीदार सगळे दाखव, पत्ता न सापडल्यास जागा रिकामी ठेव. देवास, ग्वाल्हेर, जबलपूर येथील मंडळांनी ही रिकाम्या जागांची यादी आधी काढावी. बडोदेकरांचे बरे, गुजरातीत ळ आहे.

आमच्या यादीत नऊ जागा रिकाम्या निघाल्या: जोगळेकर, मुळे, पळशीकर... त्याच सायंकाळी निमंत्रणे हाती घेऊन आम्ही बाहेर पडलो. पहिले घर काळ्यांचे.