विजेच्या गणितात गायरान कुठे बसते?

देशाने वीज कोळशातून किती काढावी आणि उन्हातून किती, याचा हिशेब आता संगणक मांडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2029-30 सालासाठी असा आराखडा 2020 मध्ये केला आणि 2023 मध्ये सुधारला. सुधारित आराखड्यात एकूण क्षमता सुमारे 777 गिगावॅट असून त्यात कोळसा सुमारे 252, तर सौर सुमारे 293 गिगावॅट धरला आहे. यंत्राला दिलेला मुख्य हुकूम एकच : एकूण खर्च कमीत कमी ठेवा.

परंतु वीज स्वस्त हवी, स्वच्छ हवी आणि भरवशाचीही हवी. सूर्य मावळतो तेव्हाच दिवे लागतात. बॅटऱ्या घ्याव्यात तर खर्च वाढतो, कोळसा जाळावा तर धूर वाढतो. अशा वेळी गणितज्ञांपुढे दोन वाटा असतात. प्रत्येक उद्दिष्टाला वजन द्यायचे, किंवा एक उद्दिष्ट ठेवून बाकीच्यांना ओलांडता न येणाऱ्या अटी करायचे.

आम्ही वकिली करणारी माणसे; हा फरक आम्हाला चांगलाच कळतो. वजन दिलेली गोष्ट मोठ्या फायद्यापुढे बुडते, अट बुडत नाही. अनुच्छेद 13 म्हणूनच सांगतो की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्य. मग गरिबाची जमीन ही वजन की अट? हे गणित ठरवत नाही, सत्तेवर बसलेला माणूस ठरवतो.

एका मेगावॅट सौरऊर्जेला चार-पाच एकर जमीन लागते. देशाच्या आराखड्यात गावचा गट नंबर नसतो. तो पुढे जिल्ह्यात शोधला जातो, आणि तिथे सरकारी गायरान सर्वांत स्वस्त दिसते. पण हेच गायरान भूमिहीन दलित पिढ्यान्‌पिढ्या कसत आले. त्यासाठीच दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह उभारले. गायरानावरील अतिक्रमणे हटवा असे सांगणाऱ्या 2011 च्या जगपाल सिंग निकालातही सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिसूचनेने भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे.

आम्ही विजेचे विरोधक नाही. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला. स्वस्त आणि मुबलक वीज त्यांना हवी होती ती उद्योग वाढून जनतेचे दारिद्र्य हटावे म्हणून. त्याच विजेसाठी दरिद्री माणूस जमिनीवरून उठवला जात असेल तर त्याला विकास कसा म्हणायचा?

आमची मागणी साधी आहे. कसणाऱ्याचा दावा निकाली निघाल्याशिवाय ते गायरान हिशेबात धरू नये. आधी इमारतींची छपरे, धरणांचे जलाशय मोजावेत. या अटीने खर्च किती वाढतो, हेही तेच यंत्र सांगू शकते. तो आकडा सरकारने जनतेपुढे ठेवावा. आणि ग्रामसभेत गायरानाचा ठराव येईल त्या दिवशी आपल्या वस्तीने घरी बसू नये. जुन्या पावत्या आणि पीकपाहणीचे उतारे घेऊन हजर राहावे.