सभासदाचा नातू

मागच्या पिढीतला बागायतदार कोल्हापूरच्या गुजरीत दागिना घ्यायला शिरला, तरी कापडी पिशवी अशी धरायचा की बघणाऱ्याला आत भाजी वाटावी. पैसा असण्यात गैर नव्हतं, तो दिसण्यात होतं. दिसला की भावकी उसने मागायला येणार, तालमीची पोरं वर्गणीचा आकडा वाढवणार. तो साधेपणा थोडा संस्काराचा, थोडा भीतीचा. (आणि बराचसा चिकटपणाचा, असं त्यांच्या बायका सांगतील.)

आमच्या ओळखीतल्या अशाच एका घरातल्या नातवानं परवा नवी गाडी आणली. नंबर पसंतीचा, त्याचे वेगळे पैसे मोजून. पूजेचं रील, खाली ‘नाद खुळा’. आज्जा दोन दिवस गप्प होते. नातूच म्हणाला, ‘‘आज्जा, पैसा काय पेवात पुरून ठेवायचा असतोय व्हय?’’

‘‘पेवात न्हवं रं. पर येशीवर टांगायचा बी नसतोय.’’

‘आमच्या टायमाला एवढी दरी नव्हती,’ हे आज्जांचं पालुपद. आकडे त्यांच्या बाजूनं आहेत. अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि सहकाऱ्यांचा भारतातल्या विषमतेवरचा अभ्यास मार्च २०२४ मध्ये आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नात वरच्या एक टक्का लोकांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्क्यांवर गेला. संपत्तीत तर ४०.१ टक्के.

आपल्या जिल्ह्यात त्या जुन्या दिवसांना सहकाराचा टेकू होता. रत्नाप्पाण्णा कुंभार, तात्यासाहेब कोरे यांच्या पिढीनं साखर कारखाने उभे केले आणि दोन एकरवाल्याचा ऊसही पाटलाच्या उसाच्याच दरानं काट्यावर चढला. १९६३ मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ आला. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल, तेही एका म्हशीवर. ज्याच्याकडं गुंठाभर रान नाही त्याच्याही हातात रोकड आली. माझ्या मते इथल्या गरिबाला उसापेक्षा म्हशीनं जास्त तारलं.

पण कारखान्याचा सभासद व्हायला रान लागायचं. बीडकडून येणारी ऊसतोडणीची टोळी तेव्हाही गाळपाच्या हंगामात पाचटाच्या खोपीत राहायची, आजही राहते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी तो टनाला चारशेच्या आतच राहिला. उसाला तेव्हा टनामागं तीन हजारांच्या वर मिळत होते. आज्जांच्या काळातली समता सभासदांपुरती होती, आणि साधेपणामुळं ती सगळ्या गावाची वाटायची.

नातवाचं वेगळं. तो पुण्यात आयटीत, कारखान्याचा शेअर वारशानं आलेला, पैसा दरमहा एसआयपीत. त्याच्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला पोरगा शिरोलीच्या फौंड्रीत ठेकेदाराकडं आहे. दोघांचा ग्रुप एकच आहे. रीलला पहिला बदाम त्यानंच टाकला.

गाडीवरून आज्जा फारच बोलायला लागले, तेव्हा मी विचारलं, ‘‘वार्षिक सभेत तुम्ही ‘मंजूर-नामंजूर’ करून घसा बसवून घेतला. ऊसदर वाढवा म्हणून मोर्चात गेलात. तोडणीवाल्यांच्या दराचं कधी कुणी काढलं का हो?’’

‘‘त्यो इषय,’’ आज्जा म्हणाले, ‘‘कधी अजेंड्यावरच नसायचा.’’