मोमिआई, व्हॉट्सअ‍ॅप आणि सरकारी शिक्का



टाळेबंदीच्या काळात, 23 मे 2020 रोजी मुंबई पोलिसांनी एक जमावबंदी आदेश काढला. खोट्या बातम्या पसरवू नका, इथवर कुणाची हरकत नव्हती. पण करोना रोखण्याच्या कामाबद्दल सरकारी यंत्रणेवर अविश्वास निर्माण होईल असा मजकूरही समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, असं त्यात बजावलं होतं. ग्रुपवर कुणी काही टाकलं, तर अ‍ॅडमिन जबाबदार. खोटेपणावर बंदी आजवर अनेकांनी घातली असेल; इथे थेट अविश्वासालाच मनाई झाली.

प्रस्तुत पत्रलेखकाच्या सोसायटीत त्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसला. ग्रुपचे अ‍ॅडमिन निवृत्त बँक कर्मचारी, आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेले. त्यांनी ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ हे बटण दाबून टाकलं. दोनच दिवसांनी रात्री बी विंगखाली रुग्णवाहिका आली. ग्रुप गप्प, म्हणून बातमी दुधाच्या रांगेत गेली. सकाळी एक रुग्ण होता, दुपारपर्यंत पाच झाले, संध्याकाळी इमारतीला पत्रे ठोकणार असल्याचं ठरलंही. ‘लपवायचं नसतं, तर ग्रुप बंद कशाला केला असता?’ हा प्रश्न जो तो विचारू लागला. शेवटी रुग्णाच्या मुलाने लिफ्टच्या दारावर वहीचं पान चिकटवलं: वडिलांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, घरातले बाकी सगळे निगेटिव्ह, काही विचारायचं असल्यास फोन करा. खाली नंबर. एवढ्याने काम झालं.

मुंबईला हा धडा नवा नाही. 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हा इस्पितळात नेलेल्या माणसांच्या देहातून मोमिआई नावाचं औषध काढतात, अशी अफवा होती. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. अफवा भाकड होती, पण ती हवेतून आली नव्हती. माणसाला घरातून उचलून नेत, घरच्यांना कुणी धड काही सांगत नसे. सरकारने पुढे दोन वाटा धरल्या. एक वाट कायद्याची. 1897 मध्ये टिळकांना लिखाणाबद्दल राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि 1898 मध्ये अफवांबद्दलचं दंडविधानातलं कलम 505 नव्याने लिहिलं गेलं. तेच आज भारतीय न्याय संहितेत कलम 353 होऊन बसलं आहे. दुसरी वाट वाल्देमार हाफकिन यांची. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बनवलेली प्लेगची लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले स्वयंसेवक पुढे आले. सगळ्यांचीच शंका लगेच फिटली असं नाही, पण आपल्या दंडावर आधी सुई घेणाऱ्या माणसावर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही.

केंद्र सरकारने 6 एप्रिल 2023 रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत केलेला बदल पहिल्या वाटेचा होता. केंद्राच्या कारभाराबद्दलची ऑनलाइन माहिती खरी की खोटी, हे केंद्राचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार; त्याने खोटी ठरवलेली माहिती समाजमाध्यम कंपनीने ठेवली, तर तिचं कायदेशीर कवच धोक्यात. म्हणजे तक्रारदार तोच, न्यायाधीशही तोच. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आदींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी 2024 मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. मार्चमध्ये सरकारने कक्षाची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. सप्टेंबरात तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी हा बदल घटनाबाह्य ठरवला. अशा कक्षाने उद्या अगदी शंभर टक्के खरं सांगितलं असतं, तरी ‘म्हणणारच ते’ हेच उत्तर मिळालं असतं. ही किंमत सरकारने हिशेबात धरलीच नव्हती.

वुहानमध्ये ती चुकती झाली. डॉ. ली वेनलियांग यांनी 30 डिसेंबर 2019 रोजी डॉक्टर मित्रांना चॅटवर नव्या साथीबद्दल सावध केलं. पोलिसांनी त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. आठ जणांवर अफवेबद्दल कारवाई झाल्याचं सरकारी वाहिनीवरून देशाला सांगितलंही. 7 फेब्रुवारीला ली यांचं निधन झालं, मार्चमध्ये समजपत्र मागे घेतलं गेलं. आपल्याला आधी ‘अफवा’ म्हणून जे सांगितलं ते खरं होतं, हे तोवर साऱ्या देशाने पाहिलं होतं.

यावर राईनपाड्याचं नाव घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या त्या गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. हे वाचल्यावर ‘बंद करा ते व्हॉट्सअ‍ॅप’ असं कुणालाही वाटेल. पण त्या दिवसांत देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच तुकडा कुणीतरी कापला होता. तिला उतारा म्हणजे न कापलेली फीत, गावोगाव दाखवलेली. त्याच रविवारी रात्री मालेगावात अशाच संशयात सापडलेलं कुटुंब वाचलं, ते कुठल्या शिक्क्यामुळे नव्हे; पोलीस आणि मोहल्ल्यातले लोक जमावाला आडवे गेले म्हणून.

आता राज्य सरकारने मार्च 2025 मध्ये बातम्यांवर नजर ठेवणाऱ्या माध्यम केंद्राला सुमारे 10 कोटी रुपये मंजूर केले आहेत. दिशाभूल करणाऱ्या बातमीचा तत्काळ खुलासा करणं, हे त्याचं एक काम. खुलासा जरूर करावा. मात्र त्यासोबत मूळ शासन निर्णय किंवा आकडेवारीचा तक्ता जोडावा, सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि कार्यालयाचा दूरध्वनी द्यावा, आणि खुलासाच चुकला तर दुरुस्तीही तेवढ्याच मोठ्या टाइपात छापावी. बी विंगच्या लिफ्टवरच्या कागदात यातलं बरंचसं होतं.

— एक वाचक, ठाणे