अर्धें बाजूला होणें

आमच्या नातवानें येथें माळेगांवीं घरींच गिटारचें पेडल तयार केलें. पायानें खटका दाबतांच स्वर खरखरीत होई; पुन्हां दाबला असतां मूळ स्वर यावा. परंतु तो निस्तेज येई.

दोष जोडणींत होता. तीन टोकांच्या खटक्यानें केवळ बाहेर जाणारी वाट बदलत असे. गिटारची तार पेडलच्या प्रवेशास जोडलेलीच राही. म्हणजे बंद पेडलही गिटारचा क्षीण संकेत ओढून घेई.

त्यानें नऊ टोकांचा खटका आणला. तीन-तीन टोकांच्या तीन रांगा. पहिलीच्या मधल्या टोकास गिटार, दुसरीच्या मधल्यास ध्वनिवर्धक. दोहोंच्या एका बाजूचीं टोकें पेडलच्या प्रवेशास व निर्गमास, दुसऱ्या बाजूचीं परस्परांस जोडलीं. तिसरी रांग दिव्यासाठीं. आतां बॅटरी संपली तरी खटका बंद असतां मूळ स्वर अबाधित राहतो.

डाख देतां देतां नातू म्हणाला, "आजोबा, अर्धें बाजूला होऊन भागत नाहीं."

कारभार मुलाकडे सोंपवूनही घरखर्चाची वही आम्हीं स्वतःपाशींच ठेविली होती. ती त्याच सायंकाळीं सूनबाईंच्या हातीं दिली.